मैनेची ओटी

आमच्या घरात विमानाला विमान म्हणायची पद्धत नव्हती. तिचं नाव मैना. फ्लाइंग क्लबानं तिच्या अंगावर मोठाली इंग्रजी अक्षरं रंगवली होती आणि वहीत तीच लिहावी लागत, पण मुकुंदवाडीच्या आमच्या तीन खोल्यांत "आज मैना उडाली का गं," "मैनेला बरं नाय म्हनं," अशीच बोलणी चालायची. घराच्या एका अंगाला रेल्वेचं स्टेशन आणि दुसऱ्या अंगाला, ज्वारीची दोन शिवारं ओलांडली की धावपट्टी. आगगाडी गेली की फळीवरची पितळी भांडी वाजायची, तिकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. मैना गेली की मात्र आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून अंगणात यायची, कपाळावर आडवा हात धरून वर बघायची, आणि मैना दिसेनाशी झाली की आत जाऊन करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात गपचूप खाली सारायची. त्या वर्षी आईच्या वाट्याला धड भाजलेली भाकरी क्वचितच आली असेल. कारण मैनेत मी असायचे.

मी वीस वर्षांची होते, कॉलेजात सायन्सला होते. क्लब कॉलेजातल्या मुलामुलींना जवळजवळ फुकट शिकवायचा. अर्जावर अण्णांनी सही केली, कारण हे कवायतीसारखं काहीतरी असेल आणि पोरीची पाठ सरळ होईल, असा त्यांचा समज झाला होता. अण्णा म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून. पोरगी खरोखरच वर जाते हे कळलं तोवर मी आठ वेळा वर जाऊन आले होते आणि माझे पाय काही जमिनीला टेकायला तयार नव्हते. गुलमंडीच्या बाजारात दोरा-बिडिंग आणायला गेले तरी मी डावा खांदा खाली करून वळायचे आणि दुकानदार विचारायचा, मान आखडली का बाई. शेवटी अण्णांनी खात्याच्या पद्धतीनं अट घातली. "दिवाळीपर्यंत एकटी उडून दाखव. सर शेजारी बसलेले असताना उडनं हे उडनं नव्हे. जमलं तर पुढं शीक, नाय तर बी.एड.चा फॉर्म भरायचा." सर म्हणजे आमचे शिक्षक. ते फार कमी बोलायचे आणि माझं काही चुकलं की हळूच शीळ घालायचे. मला शीळ फार ऐकू यायची.

पण मला खरं विमान शिकवलं ते हमीदचाचांनी. ते क्लबचे मेकॅनिक, म्हणजे सही करणारे इंजिनियर. निझामाच्या काळात पोरवयात हातात पाना घेतला तो तसाच होता. एकटं उडण्याआधी प्रत्येकानं त्यांच्या हाताखाली आठवडाभर विमान तपासायला शिकायचं, असा त्यांचा स्वतःचा नियम होता. बाकीच्यांनी तो आठवडा कसाबसा काढला. मी तिथं रमलेच. खिशात दातांच्या डॉक्टरसारखा छोटा आरसा, हातात बॅटरी, आणि गुलमंडीच्या कापडदुकानातून आणलेली मलमलची चिंधी. पायानं नि दांड्यानं आपण जे ओढतो ते तारेच्या दोरांतून पंखापर्यंत आणि शेपटीपर्यंत पोचतं. त्या दोरावरून मलमल फिरवायची, कुठं अडली तर समजायचं की गंजून एक तार तुटली आहे. शेपटीला आडवी, वरखाली हलणारी फळी असते, तिच्यानं विमानाचं नाक वर नि खाली होतं. इंग्रजीत तिला एलेव्हेटर म्हणतात, हमीदचाचा पल्ला म्हणत, दाराच्या पल्ल्यासारखा, कारण तोही बिजागऱ्यांवर हलतो. "लोहे का जंग बेशरम रहता, बेटी. लाल लाल, सब को दिखता. ये पत्रे का जंग सफेद रहता. रंग के नीचे छुपके बैठता." मग ते ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरच्या रंगाचा इवलासा फुगवटा नखानं टोकरून खालची पांढरी भुकटी मला दाखवत. असा गंज खाऱ्या हवेत चढतो, आपल्याकडे कुठं समुद्र आहे, मी एकदा म्हटलं. "हौ, इसीच लिए तो यहाँ के लोगां देखतेच नहीं," ते म्हणाले. पल्ल्याच्या खालच्या बाजूला बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी निथळायला. मैना उडायची असेल त्या सकाळी ती कडुनिंबाच्या काडीनं मोकळी करायची, हे माझं काम. आजही घरातल्या कुलरचं पाणी निथळतं की नाही हे मी वाकून बघते आणि नातवंडं हसतात.

हे सगळं मी रात्री जेवताना आईला सांगायचे. येसरची आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माझी अखंड बडबड. आईला वाटायचं, इंजिन बंद पडलं की विमान पडतं. मी तिला छातीठोकपणे सांगितलं, "इंजिनाचं काही नाही गं, ते बंद पडलं तरी तरंगत उतरता येतं. तो शेपटीचा पल्ला महत्त्वाचा. तो नीट तर मी घरी परत." आई भाकरी थापायची थांबली. "म्हंजी तुला परत आननारी ती शेपटी?" "तीच," मी म्हणाले आणि चटणी वाढून घेतली. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या एका वाक्यात आहे आणि ते वाक्य माझं आहे.

खंडेनवमीला क्लबात दरवर्षी पूजा असायची. पाने, पकडी, जॅक, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. हमीदचाचाही आंघोळ करून, अत्तर लावून उभे राहायचे आणि नारळ त्यांनीच फोडायचा, कारण त्यांचा घाव सगळ्यांत सरळ. त्या वर्षी आई पहिल्यांदाच आली, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, हातात ताट घेऊन. मैनेकडे तिनं बराच वेळ पाहिलं. "लई बारीक हाय की," एवढंच म्हणाली. मग माझ्या मागे मागे येऊन विचारलं, "तुझा पल्ला कोन्ता?" मी दाखवला, वरखाली हलवून दाखवला, आतून तो पोकळ असतो हेही ऐटीत सांगितलं. तेवढ्यात सरांनी मला हाक मारली. जाता जाता मी सवयीनं आईच्या ताटात हात घातला, काहीतरी उचलून तोंडात टाकलं आणि पळाले. त्या दिवशी प्रसाद, पेढे, फुटाणे, इतकं काय काय तोंडात गेलं की त्याचं नाव मी दुपारपर्यंत विसरून गेले होते.

हमीदचाचांनी मैनेची शेपटी पूजेच्या आधीच तपासून सही केली होती. इंजिनाचं काम तेवढं राहिलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी उतरवलं गेलं, आणि मैना पंधरा-वीस दिवस शेडमध्ये बिनइंजिनाची उभी राहिली. परतीचा पाऊस त्या वर्षी मुक्कामालाच आला होता आणि शेडचा पत्रा नेमका शेपटीवर गळत होता. मी रोज कॅलेंडर बघायचे. इंजिन चढलं तेव्हा दिवाळी दारात येऊन ठेपली होती. वसुबारसेच्या सकाळी सरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "दोन चकरा माझ्याबरोबर. बरं वाटलं तर मी उतरतो, तू जा." मला त्यांचा हात धरून फुगडी घालावीशी वाटली.

उडण्याआधी विमानाला एक फेरी मारून सगळं हलवून बघायचं असतं. मी गाणं गुणगुणत फेरी मारत होते. शेपटीशी आले, पल्ला वर उचलला, आणि आतून आवाज आला. खर्रर्र. खाली सोडला, पुन्हा खर्रर्र, आणि मागोमाग टक्. बाळाच्या खुळखुळ्यासारखा. खालची भोकं बघितली तर दोन बुजलेली. सर तिकडे आत बसून पट्टा आवळत होते. त्यांनी हात हलवून लवकर ये अशी खूण केली. हे सांगायला मला आजही संकोच वाटतो, पण मी पल्ला धरून तिथं चांगली मिनिटभर उभी राहिले. कागदावर सही होती. आवाज मी सोडून कुणी ऐकला नव्हता. दहा मिनिटांत मी सरांबरोबर वर असते आणि तासाभरात एकटी, आणि बी.एड.चा फॉर्म अण्णांच्या ट्रंकेत राहिला असता. मग माझ्या मनात आलं की हा आवाज हमीदचाचांनी ऐकला असता तर त्यांनी काय केलं असतं, आणि त्याचं उत्तर इतकं स्पष्ट होतं की माझा मलाच राग आला. मी पल्ला सोडला आणि शेडकडे चालत गेले. "चाचा, पल्ल्यात काहीतरी आहे."

त्यांनी पल्ला हलवून ऐकला. चेहरा उतरला, त्यांच्या सहीनंतरची गोष्ट होती ती. त्यांनी बिजागऱ्या सोडवल्या, पल्ला काढून बाकावर आणला, बॅटरी आत धरली, आरसा घातला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग आरसा माझ्या हातात दिला. आत तांदूळ होते. ओले होऊन फुगलेले, काही सुकून पिवळे पडलेले, निथळायच्या भोकांवर गच्च बसलेले. मधे एक सुपारी. आणि तळाच्या पत्र्यावर, कुंकवाच्या लगद्यात चिकटून, निझामाच्या वेळचा तांब्याचा पैसा. त्याच्याभोवती पत्र्यावर पांढऱ्या भुकटीचं मोठं कडं उठलेलं होतं. "तांबा और ये पत्रा, दोनों को पानी में साथ बिठाये तो तांबा इसकू खा जाता," हमीदचाचा हळूच म्हणाले. "किने किया ये?" मला विचारायची गरज नव्हती. तो पैसा मी लहानपणापासून आमच्या देवघरात बघत आले होते.

मी सायकल हाणत घरी आले. आई अंगणात शेणाची गाय-वासरं करून त्यांना फुलं खोवत होती. मला बघून उठली. "उडलीस?" "आई, तू मैनेत तांदूळ घातलेस?" ती अशा सुरात बोलली, जणू चूक माझीच होती. "ओटी भरली तिची. पोरगी घराबाहेर पडती तेव्हा ओटी भरल्याबिगर सोडतेत व्हय? ओटी भरली म्हंजी ती परत येती. तूच म्हनलीस, तुला परत आननारी ती म्हनून. तिला पदर नाय, मग बाजूला भोक दिसलं, त्याच्यात घातलं." मी तिला ओरडायला आले होते. तोंड उघडलं आणि हसूच फुटलं, ते काही केल्या थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं. आईला काहीच कळेना. मग मी तिला पांढऱ्या भुकटीचं सांगितलं, पल्ला जड होऊन हवेत फडफडला असता तर काय झालं असतं तेही सांगितलं. ती ऐकत ऐकत उंबऱ्यावर बसली. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. मग पदर खोचून उठली. "चल. मी घातलं, मीच काढते."

हमीदचाचांसमोर ती मान खाली घालून उभी राहिली. "भाऊ, माज्याकडून लई मोठी चूक झाली." तेही अवघडले. "नक्को भाभी, मैं भी पूजा के बाद देखनाच था," एवढं बोलून त्यांनी तिच्यासाठी स्टूल ओढलं. मग मैनेच्या पल्ल्याशी आई बसली, जशी घरी तांदूळ निवडायला बसायची. लांब चिमटा, शिवणाची सुई, आरसा. हमीदचाचा बॅटरी धरत आणि ती एकेक दाणा काढून सुपात टाकी. सर दोनदा येऊन बघून गेले आणि दुसऱ्यांदा चहा घेऊन आले. दुपारी आईनं आणलेले धपाटे सगळ्यांनी बाकावरच खाल्ले. दाणे संपले, मग हमीदचाचांनी विचारलं, दाण्यांशिवाय काय काय घातलं होतं. आईनं बोटं मोजली. "पाच जिनसा. सुपारी, हळकुंड, खारीक, बदाम आन् पैसा." सुपात बघितलं. सुपारी होती, हळकुंड होतं, खारीक फुगून तिप्पट झाली होती, पैसा होता. बदाम नव्हता.

झालं. पल्ला उलटा केला, सुलटा केला, हलवला, ठोकला. आरसा प्रत्येक फासळीमागे फिरवला. "जब तक बदाम नहीं मिलता, ये जहाज नहीं उडता," हमीदचाचांनी जाहीर केलं, आणि त्यांनी एकदा जाहीर केलं की खुद्द निझाम आला असता तरी उपयोग नव्हता. उन्हं कलली. आई रडकुंडीला आली होती. मी जमिनीवर बसून डोकं धरलं होतं, जिभेनं दातात अडकलेला धपाट्याचा तीळ काढत होते, आणि त्या दातानंच मला आठवण दिली. पूजा, ताट, माझा हात, कडक काहीतरी. "बदाम मी खाल्ला," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघत होते आणि प्रत्येकाच्या तोंडावर एकच शंका होती. "आताच बरं आठवलं," सर म्हणाले. मी शपथा घेऊ लागले. आई म्हणाली, "मी डोळे मिटून देवाचं नाव घेऊन मूठ रिकामी केली, मूठ बघितली नाय. पन ही पोरगी ताटातलं उचलती, हे खरं हाय. बारशाचे पेढेबी हिनंच खाल्ले होते." माझ्या बाजूनं दिलेली ही साक्ष होती. हमीदचाचांनी मात्र कुणाचंच ऐकलं नाही. त्यांनी दोन धारदार पट्ट्यांचा स्टँड मांडला आणि पल्ला बिजागऱ्यांच्या जागी त्यावर तोलला. पल्ल्याच्या पुढच्या कडेला शिशाचा तुकडा असतो, मागचं वजन तोलायला. रंग दिला तेव्हा त्यांनी स्वतः तो बसवून पल्ला अगदी समतोल केला होता. पल्ला थोडा डुलला आणि स्थिर झाला. आडवा, सपाट. "अब एक बदाम देव, भाभी." आईनं दिवाळीच्या शिऱ्यासाठी घेतलेल्या, पिशवीतच राहिलेल्या पुडीतला एक बदाम काढून दिला. तो त्यांनी मागच्या कडेवर ठेवला, आणि पल्ला सावकाश, अगदी सावकाश, मागे झुकला. बदाम उचलला, पल्ला परत सपाट. हमीदचाचांनी तो बदाम स्वतःच्या तोंडात टाकला. "सच बोल रही छोकरी," ते म्हणाले. मी शेडभर नाचले. सरांनी शीळ घातली, पण ती वेगळी होती.

पुढचे तीन दिवस घासणं, धुणं, वाळवणं. खालचा पत्रा जेवढा खाल्ला गेला होता तेवढा कापून नवीन पत्र्याचं ठिगळ रिबिटांनी बसवलं. मग हमीदचाचांनी डबा उघडला आणि आतून गंजरोधक रंग फिरवायला लागले. तो पिवळा असतो. चांगला भरघोस पिवळा. आई बघत उभी होती. "भाऊ, ही हळदच की," ती म्हणाली. "मग माज्या हळदीनं तुमचं काय घोडं मारलं होतं?" हमीदचाचा इतके हसले की कुंचला खाली पडला. नव्या रंगानंतर पल्ला त्यांनी पुन्हा तोलला, पुन्हा बसवला, वहीत लिहिलं, आणि त्या सहीखाली कधी नव्हे ती मलाही सही करायला लावली. लक्ष्मीपूजन होऊन गेलं होतं. अण्णांनी ट्रंक उघडून फॉर्म बाहेर काढला. मी म्हणाले, "अण्णा, दिवाळी भाऊबीजेला संपते." त्यांनी चष्मा काढून पुसला, कॅलेंडर पाहिलं. कारकुनाला नियम दाखवला की तो हरतो. "बरुबर हाय," ते म्हणाले आणि फॉर्म परत ठेवला.

भाऊबीजेच्या सकाळी अण्णा सायकलवर आईला घेऊन आले. आईच्या हातात ताट होतं. ते बघून हमीदचाचा दोन्ही हात पसरून मैनेच्या आडवे उभे राहिले. "घाबरू नका, हिच्या पोटात काय घालत नाय," आई म्हणाली आणि तिथंच गवतावर पाट नसताना त्यांना बसायला लावून तिनं ओवाळलं. ते गडबडले, खिसे चाचपले आणि तोच तांब्याचा पैसा काढून ताटात टाकला. चिंचेनं घासून लखलखीत केला होता. मी फेरी मारली, पल्ला उचलला. आतून काहीही वाजलं नाही. सरांबरोबर दोन चकरा झाल्या, सर उतरले, दार लावलं, आणि शेजारची जागा रिकामी झाली. पुढचं मला नीट सांगता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. सर नसल्यामुळे मैना हलकी झाली होती, धावपट्टी अर्धीसुद्धा संपली नाही तोच चाकं सुटली, आणि मी मोठमोठ्यानं हसत, ओरडत, वेडीवाकडी गात चढत गेले. खाली ज्वारी, रूळ, आमचं छप्पर, आणि भाकरी करपायला घरात कुणीच नव्हतं. मी दांडा मागे घेतला, नाक वर झालं. पुढे केला, खाली आलं. एवढीच गोष्ट, पण ती माझ्या हातात होती. आता सत्तरी उलटली, पण कुठल्याही विमानात बसले की खिडकीतून मागे वाकून मी शेपटी दिसते का बघते.

उतरले तेव्हा चाकं दोनदा उडाली आणि सरांची शीळ मला काचेतूनही ऐकू आली. दार उघडून खाली उतरते तर आई पुढे. "वट्यात घे," म्हणाली. मी क्लबाचा ढगळ डगला घातला होता, पदर कुठला. मी डगल्याचा घेर दोन्ही हातांनी पुढे धरला. तिनं तांदूळ घातले, सुपारी घातली, हळकुंड, खारीक, तो पैसा. अण्णा बाजूला उभे राहून नको तितका वेळ घड्याळाला किल्ली देत होते. मी खाली पाहिलं आणि मोजलं. "आई, चारच आहेत," मी म्हणाले. तिनं माझी हनुवटी धरली आणि राहिलेला बदाम थेट माझ्या तोंडात घातला.

"खा," ती म्हणाली. "आलीस ना परत."